तांबे, पितळ, चांदी आणि काचमणी: ठशांच्या पदकाची घडण

नमस्कार. आज आपण एक पदक घडवणार आहोत. तांब्याची गोल चकती, तिच्यावर ठशांनी उमटवलेली नक्षी, मधोमध पितळेचे लहान पान आणि खाली चांदीच्या तारेत ओवलेले तीन काचमणी, असे त्याचे रूप असेल. या कामात हात जितका बसलेला हवा तितकाच कामाचा क्रमही नेमका हवा, आणि हा क्रम बहुतांशी उष्णता ठरवते.

ठसा, पत्रा आणि मणी ही सामग्री आपल्याला नवी नाही. कोल्हापुरी साजातील दशावतारांची आणि अष्टमंगलाची पाने पातळ पत्रा साच्यावर दाबून उठवतात आणि आतल्या पोकळीत लाख भरतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे सापडलेले मणी तिथल्या लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात, आणि त्यांत काचेचेही आहेत. आपले आजचे काम मात्र साजाहून सोपे आहे, कारण इथे पत्रा साच्यात दाबायचा नसून त्यावर एकेक ठसा हाताने मारायचा आहे.

(दृश्य: पत्रा, पोलादी ठोकळा, ठसे आणि हातोडी जवळून.)

पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे २० गेजचा, घ्यावा. याहून पातळ पत्र्यावर ठसा मारला की मागच्या बाजूला फुगवटा येतो. बाजारातून आणलेला तांब्याचा पत्रा बहुधा कडक असतो, म्हणून तो आधी तापवून नरम करून घ्यावा. खोलीतला उजेड मंद ठेवला तर पत्र्यावर फिकट लाली चढताना स्पष्ट दिसते. ती दिसली की आच काढावी आणि पत्रा पाण्यात सोडावा. पोलाद असे थंड केले तर कडक होते, तांबे मात्र नरमच राहते. वर आलेला काळा थर कोमट पाण्यात विरघळवलेल्या सायट्रिक अ‍ॅसिडने निघतो. त्या पाण्यात लोखंडी चिमटा घालू नये, कारण पाण्यात उतरलेले तांबे लोखंडाच्या संगतीने चांदीच्या तुकड्यांवर जाऊन बसते आणि पांढरी चांदी तांबूस दिसू लागते.

आता ठसे. पत्रा पोलादी ठोकळ्यावर सपाट टेकलेला असावा, ठसा अगदी उभा धरावा आणि हातोडीचा एकच ठाम घाव द्यावा. दोन-तीन हलके घाव दिले की ठसा जागचा सरकतो आणि नक्षीची कड दुहेरी उमटते. पोलादी ठोकळ्याखाली जाड रबर ठेवले तर आवाज कमी होतो. इमारतीत राहणाऱ्यांनी हे शेजाऱ्यांसाठी तरी करावे. प्रत्येक घावासरशी धातू बाजूला पसरतो, त्यामुळे आधी चकती कापून मग नक्षी मारली तर तिची गोलाई बिघडते. म्हणून नक्षी आधी, कापणी नंतर. ठसे मारताना पत्रा वाकतो आणि कडकही होतो. तो उलटा करून लाकडी हातोडीने सपाट करावा. नक्षी पुसट राहते असे वाटले की समजावे, पत्रा पुन्हा तापवण्याची वेळ झाली.

पितळेचे पान चकतीवर डाख देऊन, म्हणजे आचेवर वितळवलेल्या धातूने सांधून, जोडता येते, पण माझ्या मते सुरुवातीला रिव्हेट, म्हणजे भोकातून घालून दोन्ही टोके ठोकून पसरवलेली तार, मारणेच चांगले. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे १०८५ अंशांना, परंतु या दोघांचे सुमारे ७२ टक्के चांदी असलेले मिश्रण ७७९ अंशांनाच वितळून जाते. एकमेकांना टेकलेली चांदी आणि तांबे जास्त तापले की सांध्यापाशी ती अचानक पाणी होतात, त्यामागचे कारण हेच. पितळेत जस्त असते. अति तापले की त्याचा धूर निघतो आणि तो श्वासात जाणे वाईट. रिव्हेटला आच लागत नाही. भोक तारेच्या जाडीइतकेच पाडावे, तार दोन्ही बाजूंना आपल्या जाडीच्या अर्ध्याइतकी बाहेर ठेवावी आणि हलक्या हाताने ठोकून तिची टोके पसरवावीत. चांदीच्या तारेचे पांढरे ठिपके पितळेवर उठून दिसतात, तेव्हा जोडणी लपवण्याचे कारणच उरत नाही.

(दृश्य: काळवंडलेली चकती बारीक पोलादी लोकरीने घासताना.)

नक्षीत सावली हवी असेल तर पदक झाकणाच्या डब्यात ताज्या उकडलेल्या, कुस्करलेल्या अंड्यासोबत ठेवावे. अंड्यातील गंधकयुक्त वायूने चांदी आणि तांबे काळवंडतात, पितळेवर मात्र परिणाम मंद होतो. मग वरचा भाग घासावा, म्हणजे काळेपणा फक्त खोलगट रेषांत उरतो.

काचमणी यानंतरच घ्यावेत, कारण एका बाजूने एकाएकी तापलेली काच तडकते. मणी निवडताना रंगाआधी भोक पाहावे. सळईवर काच गुंडाळून केलेल्या मण्याच्या भोकात कधी मातीसारखी भुकटी राहते. ती ओल्या तारेने काढावी. भोकाची कड धारदार असेल तर दोरा हळूहळू कापला जातो, म्हणूनच आपण तार वापरत आहोत. रंग वरवर दिलेला आहे का, हे नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात भिजवलेल्या कापसाने मणी पुसून कळते.

चांदीच्या तारेला खाली बारीक गुंडी करून मणी ओवावेत, वरच्या टोकाचा फास चकतीच्या भोकातून काढावा आणि उरलेली तार स्वतःभोवती दोन-तीन वेढे गुंडाळावी. फास आवळताना मण्याशी केसाएवढी फट ठेवावी, नाहीतर पक्कड जरा जास्त वळली तरी काच फुटते. हेच पदक कानांत घालायचे असेल तर जर्मन सिल्व्हरची तार टाळावी. तिच्यात चांदी मुळीच नसते आणि निकेल असते, ज्याने अनेकांच्या कानाला खाज सुटते. शेवटी तारेचे कापलेले टोक कानशीने गोल करून आत दाबावे, कारण ते उघडे राहिले तर ओढणीत अडकते.