मालकाने रंगवलेला माणूस

हे पोर्ट्रेट जरा नीट बघा. मागे नुसता करडा-हिरवट रंग, सामान काही नाही, आणि समोर हा सावळा माणूस, लेसची पांढरी कॉलर, एक हात पोटाशी घेतलेला, आणि बघतोय असा की आपणच जरा सरळ उभे राहतो. हा हुआन दे पारेहा. आणि चित्र काढणारा वेलास्केझ त्याचा मालक होता, म्हणजे अगदी कायद्याने मालक, पारेहा त्याचा गुलाम होता, स्टुडिओत हाताखाली काम करायचा.

साल 1650, रोम. वेलास्केझ मूळचा स्पेनच्या दरबारातला चित्रकार, राजा फिलिप चौथा याच्यासाठी चित्रं आणि पुतळे मिळवायला इटलीत आलेला, तिकडून राजा परत ये परत ये म्हणून मागे लागलाय आणि हा 1651 पर्यंत हलायला तयार नाही! साहजिकच आहे म्हणा. माद्रिदला वर्षानुवर्षं तेच राजघराणं रंगवायचं, इथे मात्र समोर कुणाला बसवायचं ते बऱ्यापैकी त्याच्या हातात होतं. पण परदेशात येऊन त्याची नजर बदलली वगैरे मी म्हणणार नाही, कारण दरबारात करमणुकीसाठी ठेवलेल्या बुटक्या माणसांना तो माद्रिदमध्येही राजाइतक्याच गंभीरपणे रंगवत होता.

आता त्याने नेमकं काय केलंय बघा. त्या काळच्या चित्रांत आफ्रिकन वंशाचा नोकर दिसलाच तर कडेला, हातात काहीतरी धरून, मालकाकडे बघत. इथे पारेहा एकटा, मधोमध, आणि एखाद्या सरदाराचं चित्र असतं तसं अर्ध्या अंगाचं. कॉलर जवळून बघितली तर चार फटकारे आहेत पांढऱ्या रंगाचे, त्यात तो रमलाच नाही, सगळा जीव कपाळावरच्या उजेडात आणि डोळ्यांत ओतलाय. कीव कुठेच नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात अवघड वाटते, कारण कीव रंगवणं सोपं असतं, डोळे थोडे ओले केले की झालं.

मार्च 1650 मध्ये पॅन्थिऑनमध्ये, म्हणजे रोममधल्या प्राचीन घुमटाच्या देवळात, हे चित्र लोकांसमोर ठेवलं तेव्हा म्हणे बघणारे थक्क झाले. पण पारेहाला गुलामीतून मोकळं करणाऱ्या कागदावर सही झाली नोव्हेंबरमध्ये, आणि त्यातही अट, अजून चार वर्षं सेवा करायची. आता याला सहानुभूती म्हणायचं का? माझ्या मते ब्रश कागदाच्या बराच पुढे होता. इतकं स्वच्छ बघू शकणारा माणूस हे करतो याचा मला रागच येतो, आणि तरी चित्रासमोरून हलवत नाही.

पारेहा पुढे स्वतः चित्रकार झाला. त्याचं 1661 चं मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, येशू मॅथ्यूला आपला शिष्य व्हायला बोलावतो तो प्रसंग, त्यात डाव्या कडेला त्याने स्वतःला उभं केलंय, हातात कागद आणि कागदावर आपली सही. पण चेहरा या पोर्ट्रेटपेक्षा बराच उजळ आणि युरोपियन केलाय. तो त्याला तसाच दिसत होता, की तसाच दिसायला हवा होता? यावर तुम्हाला काय वाटतं ते ऐकायचंय, माइक मागच्या रांगेपासून फिरवा.