आमदारकी, खासदारकी आणि लाँचपॅड

(दृश्य: किनाऱ्यावरून झेपावणारं रॉकेट)
कॅलिफोर्नियाचा व्हँडेनबर्ग लष्करी तळ. इथून दक्षिणेकडे निघालेल्या रॉकेटच्या वाटेत अंटार्क्टिकापर्यंत समुद्रच. पहिला टप्पा निखळून पडला तरी खाली वस्ती नाही. म्हणून ध्रुवीय कक्षेसाठी, म्हणजे पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांवरून फिरणाऱ्या वाटेसाठी, ही जागा सोन्यासारखी.

(दृश्य: सहा क्रमांकाचं लाँचपॅड)
स्पेस शटलसाठी यावर तीन अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला. 1986 मध्ये चॅलेंजर हे शटल कोसळलं आणि इथून शटल कधी उडालंच नाही. नुसत्या लष्करी कामावर हा परिसर तगणार नव्हता. खासगी उड्डाणं हवीच होती.

(दृश्य: आंद्रिया सीस्ट्रँड, जुनी छायाचित्रं)
आंद्रिया सीस्ट्रँड मूळच्या शिक्षिका. आमदार असलेले पती एरिक 1990 मध्ये वारले. त्याच वर्षी त्या राज्याच्या विधानसभेत निवडून आल्या. 1994 मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये गेल्या, 1996 मध्ये हरल्या. पुढे त्यांनी कॅलिफोर्निया स्पेस अथॉरिटी या ना-नफा संस्थेची धुरा घेतली. कंपन्या, विद्यापीठं आणि सरकार यांना एकत्र बसवायचं, हे या संस्थेचं काम. राजकारणात कमावलेली माणसं इथे कामी येतात.

(दृश्य: राखाडी मातीचा हौद, आत यंत्र)
चंद्राची माती खणायची नासाची ही स्पर्धा याच संस्थेने भरवली. 2009 चे नियम: यंत्र 80 किलोच्या आत, वेळ 30 मिनिटं, किमान 150 किलो माती काढून पेटीत टाकायची. ही नकली माती टोकदार कणांची. दाबली की घट्ट बसते. हलक्या यंत्राने खोरं जोरात रोवलं, तर माती हलत नाही, यंत्रच उचललं जातं. त्यापेक्षा थोडी थोडी माती सतत खरवडत राहिलेली बरी. पण धूळ साखळीत, बेअरिंगमध्ये शिरते आणि यंत्र अडकतं. शिवाय दूर बसलेल्या चालकाचा संदेश, चंद्रावर जाताना लागेल तसा, मुद्दाम उशिरा पोचवलेला: त्याने ‘थांब’ म्हटलं, तरी यंत्र क्षणभर पुढे जातंच.

2007 आणि 2008 मध्ये बक्षीस कुणालाच मिळालं नाही. 2009 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर पॉलिटेक्निकमधल्या ‘पॉल्स रोबोटिक्स’ने 439 किलो माती काढली आणि बक्षीस जिंकलं.

(दृश्य: पाच लाख डॉलरचा धनादेश)
2011 मध्ये संस्था बंद झाली. तळाशेजारच्या लोंपोक गावाजवळ तिने आखलेलं अवकाश केंद्र कागदावरच राहिलं. पण खोदकाम थांबलं नाही: 2010 पासून नासा फ्लोरिडात विद्यार्थ्यांसाठी अशीच स्पर्धा घेऊ लागली.