बिनसमुद्राच्या मुलखातून सागरी पक्ष्यांची राखण

नमस्कार श्रोतेहो.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. तरीही तीन मीटर पंख पसरणारा अल्बट्रॉस अंड्यावर बसलेला पाहायचा, तर आज एक मोबाईल पुरतो. न्यूझीलंडच्या डुनेडिन शहराजवळ टायरोआ हेड नावाचं भूशिर आहे. तिथल्या एका घरट्यावर दर हंगामात कॅमेरा लावलेला असतो आणि त्याचं चित्र चोवीस तास सुरू असतं. यूट्यूबवर ‘रॉयल कॅम अल्बट्रॉस’ असं शोधलं की सापडतं.

आता खरी गोष्ट. दोन मिनिटं पाहिलं तर गवतात बसलेला एक पांढरा पक्षी दिसतो, बाकी काही नाही. माणूस कंटाळून बंद करतो. इथं जे घडतं ते फार सावकाश घडतं, म्हणून दहा कॅमेरे चाळण्यापेक्षा एकच घरटं धरा आणि एक वही घाला.

वहीत पहिली लिहायची ती वेळ, आणि पहिली चूक होते तीही तिथंच. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूझीलंडचं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे असतं, उरलेल्या काळात साडेसहा तास. म्हणजे जानेवारीत आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजतात, तेव्हा तिथं सकाळचे सहा. नोंद नेहमी तिथल्या वेळेनं करा. पक्षी कोणता, हे पायातल्या रंगीत कड्यांवरून ओळखायचं. कड्यांच्या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच तिथं पक्ष्यांची नावं पडतात. काळ्यासाठी मात्र ‘बी’ नाही, ‘के’ लिहितात, कारण ‘बी’ निळ्यानं आधीच घेतलेला.

अल्बट्रॉस एकच अंडं घालतो, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात. उबवायला सुमारे ऐंशी दिवस. नर-मादी पाळीनं बसतात. एक पाळी कधी दोन-तीन दिवसांची, कधी आठवड्याची. बसलेला पक्षी तेवढे दिवस उपाशी असतो. वहीत दोन पाळ्या पूर्ण लिहून झाल्या, की मग हे पाहणं रंगायला लागतं.

जानेवारीच्या शेवटाला अंडं उलायला लागलं, की तिथले वनरक्षक ते काढून उबवणी यंत्रात ठेवतात आणि पक्ष्याखाली नकली अंडं सरकवतात. पाहणाऱ्याला हे क्रूर वाटतं. कारण मात्र आपल्या शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांना लगेच कळेल: माशी. ओल्या पिल्लावर माशी अंडी घालते, आळ्या पडतात आणि पिल्लू जातं. म्हणून पिल्लू बाहेर पडून सुकलं की परत घरट्यात. कडक उन्हाच्या दिवशी घरट्यांवर तुषार सिंचनही सुरू करतात. मराठवाड्यात ज्याला ऊन म्हणतात तसं ते नसतं, पण थंड वाऱ्यासाठी घडलेल्या पक्ष्याला तेवढंही सोसत नाही.

पहिले पाच-सहा आठवडे आई किंवा बाप पिल्लाजवळ राहतो. मग दोघंही समुद्रावर जातात आणि पिल्लू एकटं दिसतं. ‘टाकून दिलं’ अशी हाकाटी दर वर्षी याच वेळी उठते. टाकलेलं नसतं, आईबाप येऊन काही मिनिटांत भरवून निघून जातात, तेवढ्यात आपण झोपलेलो असतो. यावर उपाय म्हणजे चित्र मागे नेणं. यूट्यूबच्या बऱ्याच लाइव्ह चित्रांत बारा तासांपर्यंत मागे जाता येतं. वेग दुप्पट ठेवा आणि पक्षी उतरतोय का तेवढंच बघा. पिल्लू सप्टेंबरच्या सुमारास उडतं. त्याआधी ते आईबापांपेक्षाही जड झालेलं असतं.

इंटरनेटचं गणित सांगायलाच हवं. चित्राची स्पष्टता ४८०पी ठेवली तर तासाला साधारण अर्धा जीबी जातो, १०८०पीवर दीड जीबी किंवा जास्त. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर ४८०पीच ठेवा. कड्यांचा रंग ओळखताना तेवढ्यापुरतं वाढवा. चित्र गोठलं की आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. सेकंद सरकत असतील तर पक्षी खरंच स्थिर बसलाय. घड्याळही थांबलं असेल तर आधी आपलं नेटवर्क तपासा. ते ठीक असेल तर दोष तिकडचा: ढगाळ हवेत सौर बॅटरी उतरते, काचेवर खाऱ्या पाण्याचा थर किंवा विष्ठा बसते. रात्री पांढरे दोरे हलताना दिसले तर ते कोळ्याचं जाळं, इन्फ्रारेड प्रकाशात चमकणारं. आणि घड्याळावरची तारीखच जुनी असेल, तर तुम्ही हंगाम संपल्यावर लावलेलं रेकॉर्डिंग बघताय.

दुसरं घरटं घ्यायचं तर पफिन या मासे खाणाऱ्या समुद्रपक्ष्याचं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या बेटांवर हा पक्षी शिकारीमुळे जवळपास संपला होता. १९७३ पासून पक्षीतज्ज्ञ स्टीफन क्रेस यांनी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून पिल्लं आणून ईस्टर्न एग रॉक बेटावर वाढवली, तेव्हा १९८१ मध्ये तिथं पुन्हा घरटी झाली. मेनच्याच सील आयलंडवर पफिनच्या बिळात कॅमेरा असतो. जून-जुलैत भारतीय वेळेतून साडेनऊ तास वजा करा. तिथली पहाटे पाच ते आठची भरवण्याची वेळ म्हणजे आपली दुपारी अडीच ते साडेपाच. चोचीत आडवे धरलेले मासे मोजा आणि त्यांचा आकार लिहा, कारण २०१२ मध्ये समुद्र तापला तेव्हा आईबाप रुंद, चपटे बटरफिश आणू लागले. पिल्लांच्या घशात ते मावेनात. माशांच्या ढिगाशेजारी पिल्लं उपाशी मेली.

आता पैठणकडे येऊ. कुरव (इंग्रजीत गल) आणि सुरय (टर्न) एकाच कुळातले, आणि नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, दोन्ही दिसतात. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी: हा नदी सुरय. मार्च ते मे, पाणी उतरून वाळूची बेटं उघडी पडली की तो साध्या खळग्यात बहुधा दोन-तीन अंडी घालतो. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री, गुरं, माणसं चालत पोचतात. इथं उबवणं म्हणजे ऊब देणं कमी, सावली धरणं जास्त. चाळीस अंशांच्या उन्हात पक्षी उठला की अंडी भाजायला फार वेळ लागत नाही.

तेव्हा दुर्बीण घ्या, वनखात्याचे नियम विचारून घ्या, सकाळी नऊच्या आत काठावरूनच बघा. सुरय ओरडत डोक्यावर झेपावू लागला तर फोटो काढत थांबू नका. आल्या वाटेनं मागे फिरा, पाय टाकण्यापूर्वी वाळू बघत, कारण अंडी वाळूच्याच रंगाची असतात. पुरेसं मागे आलात की तो पुन्हा खळग्यावर बसेल. तो किती मिनिटांनी बसला, ते वहीत लिहा.