खालचं आधी, वरचं नंतर

मंडळी, पडद्यावर दिसतोय तो बार्टन-अपॉन-हंबरच्या सेंट पीटर चर्चचा मनोरा. इंग्लंडमधल्या लिंकनशायरचं हे छोटं गाव हंबर नदीच्या दक्षिण काठाला आहे. हे तिथलं पूर्वीचं पॅरिश चर्च, म्हणजे पंचक्रोशीतल्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनविधी जिथे व्हायचे ते चर्च.

मनोरा खालून वर पाहत चला. खालच्या मजल्यांवर गिलाव्याच्या पुढे आलेल्या दगडी पट्ट्या आहेत. आधी अर्धगोल कमानींची ओळ, तिच्यावर त्रिकोणांची. एखाद्या सुतारानं चौकट ठोकावी तसं काम. आता नजर थेट घंटांच्या मजल्यावर न्या. तिथे पट्ट्या संपल्या, कमानींची घडणही बदलली.

थॉमस रिकमनने 1819मध्ये नेमका हा बदल हेरला. हा माणूस लिव्हरपूलमध्ये हिशेबनीस होता, वास्तुकला स्वतःच शिकला. त्या काळी अर्धगोल कमान दिसली की बांधकाम ‘सॅक्सन’, म्हणजे नॉर्मन लोकांनी 1066मध्ये फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकण्याआधीचं, ठरायचं. आपणही काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणून मोकळे होतो, मग ते हेमाद्रीच्या दोनेकशे वर्षं आधीचं, 1060चं अंबरनाथ का असेना. रिकमन म्हणाला, वरचा मजला नॉर्मन धाटणीचा आहे. भिंत खालून वर चढते. तेव्हा खालचं वेगळ्या धाटणीचं काम त्याहून जुनं, नॉर्मन लोक येण्याआधीचं असलं पाहिजे. बस, एवढंच! दप्तर उघडावं लागलं नाही. मला हा युक्तिवाद इतका आवडतो की कुठल्याही जुन्या इमारतीसमोर उभा राहिलो की आधी तो आठवतो.

पुढची गोष्ट जमिनीखालून कळली. 1978 ते 1984 या काळात पुरातत्त्वज्ञ वॉरिक रॉडवेल यांनी इथे उत्खनन केलं. 10व्या शतकाच्या अखेरीस हा मनोरा चर्चला जोडलेला नव्हता, मनोरा हेच चर्च होतं! त्याचा तळमजला म्हणजे भाविकांची जागा. पश्चिमेला बाप्तिस्म्याची खोली, ती आजही उभी आहे. पूर्वेला वेदीची लहानशी खोली होती, तिचा फक्त पाया सापडला. गाव वाढलं तसं ही खोली पाडून चर्च पूर्वेकडे पसरत गेलं. बाजूची दालनं आली, 15व्या शतकात मधल्या भिंती उंचावून खिडक्यांची रांग बसली. आज आत गेलं की एवढ्या मोठ्या दालनापुढे मूळ चर्च किती इवलं होतं ते जाणवतं.

उत्खननात सुमारे 2,800 माणसांचे सांगाडे मिळाले, साधारण नऊशे वर्षांतल्या दफनांचे. जमिनीत पाणी मुरलेलं असल्यामुळे काही सॅक्सन शवपेट्यांचं लाकूडसुद्धा टिकलं होतं. संशोधकांनी या हाडांवरून गावातल्या माणसांची वयं, आजार, दुखापती ताडल्या. काम झाल्यावर सांगाडे कुठल्या दूरच्या गोदामात गेले नाहीत. 2007मध्ये ते याच चर्चमध्ये परत आणले. पूर्वी जिथे ऑर्गन वाजायचा त्या खोलीत आता ते फडताळांवर ठेवले आहेत, मनोऱ्यापासून काही पावलांवर.