अधिक एक : हिप-हॉप आणि व्यावसायिक कुस्तीतील विस्मृत माणसे

[दृश्य : पिझ्झाच्या दुकानाचा ओव्हन, पीठ थापणारे हात, बाजूला कॅसेट प्लेअर.]

1979 साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एंगलवूड गावी, एका पिझ्झाच्या दुकानात हेन्री जॅक्सन नावाचा धिप्पाड तरुण काम करीत होता. कॅसेट लावून तीवरच्या ओळी मोठ्याने म्हणत तो पीठ थापत असे. त्या ओळी त्याच्या स्वतःच्या नव्हत्या. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला ग्रँडमास्टर कॅझ नावाचा रॅपर, म्हणजे ठेक्यावर यमकबद्ध ओळी म्हणणारा कलावंत, वस्तीतल्या मेळ्यांमध्ये त्या म्हणत असे, आणि हेन्री ऊर्फ ‘बिग बँक हँक’ त्या काळी कॅझचे व्यवस्थापन पाहत असे. याच दिवसांत सिल्व्हिया रॉबिन्सन या अनुभवी गायिका आणि निर्मात्या आपल्या नव्या रेकॉर्ड कंपनीसाठी रॅप म्हणणारी मुले शोधत होत्या. त्यांनी हँकला ऐकले, दुकानाबाहेर उभ्या असलेल्या मोटारीत बसवून त्याची परीक्षा घेतली आणि तेथल्या तेथे त्याची निवड केली.

हँक कॅझकडे गेला आणि त्याने ओळी मागितल्या. कॅझने आपली वही त्याच्यासमोर ठेवली. हँकचे नशीब उघडले तर तो आपल्यालाही पुढे नेईल, एवढाच त्यामागचा हिशेब होता, हे कॅझने पुढे अनेक मुलाखतींतून सांगितले आहे. त्यांच्यात कोणताही करार झाला नाही आणि कोणी कशावर सही केली नाही. त्या काळच्या ब्रॉन्क्समध्ये ओळींचा करार करायचा असतो, ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ ही रेकॉर्ड बाजारात आली आणि रॅप हा प्रकार प्रथमच अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला. त्या रेकॉर्डमध्ये हँक एके ठिकाणी आपली ओळख म्हणून एकेक अक्षर उच्चारून नाव सांगतो, आणि ते नाव निघते ‘कॅसानोव्हा फ्लाय’. हे कॅझचे त्या काळातले टोपणनाव होते. म्हणजे वहीतली ओळ उचलताना तिच्यात गुंफलेले कवीचे नावही जसेच्या तसे उचलले गेले. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ अशी नाममुद्रा येते. ती तशीच ठेवून दुसऱ्याच कोणी तो अभंग स्वतःचा म्हणून गावा आणि ऐकणाऱ्या लाखो लोकांपैकी कोणालाही ती मुद्रा वाचता येऊ नये, असे येथे घडले. कॅझला या रेकॉर्डवर श्रेय मिळाले नाही आणि तिच्या उत्पन्नातला वाटाही मिळाला नाही.

या प्रसंगाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. या रेकॉर्डचा ठेका ‘शीक’ या नामांकित वाद्यवृंदाच्या ‘गुड टाइम्स’ या गाण्यावर बेतलेला होता. त्या वृंदाचे नाइल रॉजर्स यांनी ही रेकॉर्ड ऐकली, कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, आणि लवकरच त्यांचे व त्यांचे सहकारी बर्नार्ड एडवर्ड्स यांचे नाव गीतकारांमध्ये आले. त्यांचा हक्क रास्तच होता. मात्र त्यांच्याकडे आधीच छापलेली तबकडी होती, कंपनी होती आणि वकील होते. कॅझकडे वही होती, आणि तीही त्याने देऊन टाकलेली होती. सूर आणि शब्द दोन्ही दुसऱ्यांचेच होते. ज्याच्या मालकीचा कागद होता, त्याला श्रेय मिळाले.

ज्यांच्या नावावर असा कागद नव्हता अशा माणसांचा हा माहितीपट आहे. रॅप ज्याचा भाग आहे ते हिप-हॉप आणि व्यावसायिक कुस्ती यांना एकत्र आणण्याचे कारणही हेच आहे. दोन्ही कला माइकवर आणि अंगावर चालतात. प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहून स्वतःची थोरवी गाणे, त्याला शब्दांनी नमवणे आणि जमलेल्या गर्दीला आपल्या बाजूला ओढणे हे दोन्हींचे मूळ आहे. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यांची परंपरा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ही जातकुळी लगेच ओळखता येईल. मुहम्मद अली यांनी तर मोकळेपणाने सांगितले होते की, 1961 साली लास व्हेगासमध्ये ‘गॉर्जस जॉर्ज’ या सोनेरी कुरळ्या केसांच्या मल्लाची बढाई ऐकून आपण बोलण्याची ती तऱ्हा उचलली. अलींच्या त्याच यमकबद्ध बढायांकडे पुढे रॅपची पूर्वखूण म्हणून पाहिले गेले.

[दृश्य : ब्रॉन्क्समधली उंच इमारत, क्रमांक 1520, सेजविक अव्हेन्यू.]

11 ऑगस्ट 1973 हा दिवस हिप-हॉपचा जन्मदिवस मानला जातो. त्या रात्री या इमारतीच्या तळमजल्यावरील सामायिक दालनात क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलवर, म्हणजे तबकड्या फिरवणाऱ्या यंत्रांवर, लावल्या आणि त्यातला नाचायला सर्वांत भावणारा वाद्यांचा तुकडा लांबवत नेला, असे आपण वाचतो, आणि ते खरेच आहे. परंतु तो मेळा हर्कने भरवलेला नव्हता. तो भरवला त्याची धाकटी बहीण सिंडी कॅम्पबेल हिने. शाळा सुरू होण्यापूर्वी तिला नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे हवे होते. तिने दालन भाड्याने घेतले, लहान कार्डांवर हाताने निमंत्रणे लिहिली, मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50 सेंट असा प्रवेशदर ठरवला, खाण्यापिण्याची सोय केली आणि तबकड्या वाजवायला भावाला बसवले.

मुलींना निम्मा दर ठेवण्यातला व्यवहारही समजून घ्यावा असा आहे, कारण मुली आल्या की मुले येणारच, हे त्या शाळकरी मुलीने नेमके ताडले होते. मेळा भरवणे, जागा मिळवणे, हिशेब जुळवणे या कामांना कला म्हणण्याची आपल्याला सवय नाही. म्हणून वर्षानुवर्षे इतिहासात हर्कचे नाव पुढे राहिले आणि सिंडी ‘हर्कची बहीण’ एवढीच उरली. आज त्या रस्त्याला ‘हिप-हॉप बुलेव्हार्ड’ हे नावही मिळाले आहे. सिंडीने ती कार्डे लिहिली नसती, तर त्या रात्री त्या दालनात कोणीच जमले नसते.

शॅ-रॉक हिची गोष्ट तर तिच्या वृंदाच्या नावातच दडलेली आहे. शॅरन ग्रीन हे तिचे खरे नाव. ती आधी नाचणारी होती, मग माइक हाती घेऊन ब्रॉन्क्समधल्या पहिल्या स्त्री-एमसींपैकी, म्हणजे माइकवर रॅप म्हणणाऱ्यांपैकी, एक झाली. तिच्या वृंदाचे नाव ‘फंकी फोर प्लस वन’ असे होते. चार मुलगे आणि ‘अधिक एक’. तो अधिक एक म्हणजे शॅ-रॉक. 14 फेब्रुवारी 1981 रोजी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात हा वृंद आला आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर रॅप सादर करणारा पहिला वृंद ठरला. तिचा आवाज प्रतिध्वनीच्या यंत्रातून कॅसेटवर उतरत असे. अशाच एका कॅसेटने आपल्याला घडवले, हे ‘रन-डीएमसी’ या विख्यात वृंदातल्या डीएमसी यांनी स्वतः सांगितले आहे. ज्यांना जग रॅपचे राजे म्हणते, त्यांच्यापैकी एकाच्या कानात सुरुवातीला या मुलीचा आवाज घुमत होता, आणि तरीही हिप-हॉपच्या इतिहासात तिची गणना बहुतेक वेळा बेरजेच्या चिन्हानंतरच होते.

[दृश्य : कृष्णधवल छायाचित्र, कुस्तीचे रिंग, हवेत झेपावलेली स्त्री-मल्ल.]

आता कुस्तीकडे वळू. नव्वदच्या दशकात ज्यांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत मल्लांची ट्रम्प कार्डे खेळली असतील, त्यांना उंची, वजन आणि लढतींचे आकडे आजही पाठ असतील. त्या पत्त्यांवर न आलेल्या माणसांची ही गोष्ट आहे.

मातीतली किंवा गादीवरची कुस्ती आणि अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती यांत एक मूलभूत फरक आहे. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो आणि तो प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा व्यावसायिक, ठरवतो. अंगावर पडणारा मार, झेप, दुखापत आणि श्रम खरे असतात, पण किताब कोणाच्या कमरेला बांधायचा हा व्यवसायाचा निर्णय असतो. त्यामुळे एखाद्या मल्लाला किताब मिळाला नाही, याचा अर्थ तो हरला असा होत नाही. त्याला तो द्यायचा नाही असे कोणीतरी ठरवले, एवढाच होतो. ही गोष्ट दडवून ठेवण्याची या धंद्यात कडक शिस्त होती, आणि ज्या धंद्याचा पायाच गुपितावर उभा आहे, त्यात कोणावर अन्याय झाला याची नोंद राहत नाही.

1950च्या दशकाच्या आरंभी ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात बिली वुल्फ नावाचा प्रमोटर स्त्रियांच्या कुस्तीचा कारभार चालवीत असे. जॉर्जियात जन्मलेल्या एथेल जॉन्सन, बॅब्स विंगो आणि मार्व्हा स्कॉट या तीन सख्ख्या कृष्णवर्णीय बहिणी त्याच्या हाताखाली तयार झाल्या. त्या मुख्य लढतींत उतरत आणि त्यांच्या नावावर प्रेक्षक येत. एथेल उभ्या जागेवरून उसळी घेऊन दोन्ही पायांनी प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आदळणारी ड्रॉपकिक मारण्यासाठी प्रसिद्ध होती. कल्पना करावी की, वर्णभेदाचे कायदे लागू असलेल्या दक्षिणेत ही विशीच्या आतबाहेरची मुलगी रात्री रिंगमध्ये टाळ्या घेते, आणि लढत संपल्यावर त्याच गावातल्या गोऱ्यांच्या हॉटेलात तिला खोली मिळत नाही. दुखरे अंग घेऊन, मुक्कामाची जागा शोधत पुढचे गाव गाठायचे, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तितक्याच उंच उडी घ्यायची. हे तिने सुमारे पाव शतक केले. 2018 साली एथेल वारली. त्यानंतर तीन वर्षांनी डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या बड्या कंपनीने ‘हॉल ऑफ फेम’ या आपल्या सन्मानयादीच्या जुन्या मल्लांसाठीच्या ‘लेगसी’ विभागात तिचे नाव घेतले. त्या वर्षीच्या यादीत तिच्या दोन बहिणी नव्हत्या.

बेअरकॅट राइट या कृष्णवर्णीय मल्लाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्या बाबतीत एक तारीखच पुरेशी बोलकी आहे. 2 ऑगस्ट 1992 रोजी बाल्टिमोर येथे रॉन सिमन्स यांनी जगज्जेतेपद जिंकले आणि ते पहिले कृष्णवर्णीय जगज्जेते म्हणून सर्वत्र गौरवले गेले. सिमन्स त्या गौरवाला पूर्ण पात्र आहेत. मात्र त्याआधी 29 वर्षे, ऑगस्ट 1963 मध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी वॉशिंग्टनचा ऐतिहासिक मोर्चा निघाला त्याच महिन्यात, लॉस एंजेलिस येथे राइट यांनी फ्रेडी ब्लासी यांना नमवून तेथील संघटनेचे जगज्जेतेपद मिळवले होते. काळे आणि गोरे मल्ल वेगळे ठेवणाऱ्या लढतींत आपण उतरणार नाही, असे जाहीरपणे सांगण्याचे धैर्यही याच माणसाने त्याआधी इंडियानात दाखवले होते.

आणि शेवटी कृष्णवर्णीय मल्ल थंडरबोल्ट पॅटरसन, ज्यांच्यामुळे हा विषय मला सुचला.

पॅटरसन यांच्या हाती माइक आला की प्रेक्षक रिंगकडे पाहणे विसरत. चर्चमधल्या धर्मोपदेशकासारखी चढत जाणारी लय, एकाच शब्दाची पुनरावृत्ती, मध्येच घेतलेला श्वास आणि मग एकदम फुटणारा आवाज असे त्यांचे बोलणे असे. साठ-सत्तरच्या दशकातल्या त्या चित्रफिती आज डोळे मिटून ऐकल्या, तर पुढे येणाऱ्या रॅपची चाल त्यांत स्पष्ट जाणवते. ही तऱ्हा पुढे अनेकांनी उचलली. डस्टी रोड्स या गोऱ्या, अत्यंत लोकप्रिय मल्लाच्या बोलण्यावर पॅटरसन यांची दाट छाया होती, हे कुस्तीचे जाणकार वारंवार सांगत आले आहेत. रोड्स प्रतिभावान होते आणि त्यांनी त्यात स्वतःची भर घातली, हेही तितकेच खरे. पण ज्या बोलीने रोड्स यांना घराघरांत पोहोचवले, तीच बोली पॅटरसन यांच्या तोंडी मात्र प्रमोटरांना डाचू लागली.

त्याचे कारण असे की, पॅटरसन माइक खाली ठेवल्यावरही बोलत असत. कृष्णवर्णीय मल्लांना मिळणारा मोबदला आणि वागणूक यांविषयी ते उघड तक्रार करीत, आणि मल्लांची संघटना असली पाहिजे असा आग्रह धरीत. त्या काळी अमेरिकेचे प्रांत प्रमोटरांनी आपापसांत वाटून घेतले होते. त्यामुळे एका प्रमोटरचे दार बंद झाले की बाकीचीही मिटत. त्यांना काम मिळेनासे झाले आणि पोटासाठी कुस्तीबाहेरची कामे धरावी लागली. मल्लांची संघटना अमेरिकेत आजही उभी राहिलेली नाही.

[दृश्य : फिलाडेल्फिया, 2024. प्रकाशझोतातले व्यासपीठ.]

2024 साली डब्ल्यूडब्ल्यूईने पॅटरसन यांना आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतले, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. एथेलला आणि बेअरकॅट राइट यांना हयातीत जे मिळाले नाही, ते त्यांना मिळाले : उभे राहायला व्यासपीठ, समोर भरलेले सभागृह आणि हातात माइक.

[दृश्य : ब्रॉन्क्सचा रस्ता, पर्यटकांची बस.]

ग्रँडमास्टर कॅझ यांनी ब्रॉन्क्स सोडले नाही. हिप-हॉपची जन्मभूमी पाहायला जगभरातून येणाऱ्या पर्यटकांना बसमधून हिंडवीत, कोणत्या मैदानावर कोण वाजवीत असे आणि कोणत्या कोपऱ्यावर कोणाची गाठ पडली, हे ते स्वतः सांगत आले आहेत. बस सेजविक अव्हेन्यूवर थांबते, प्रवासी उतरून इमारतीची छायाचित्रे घेतात, आणि हातात माइक धरलेला तो माणूस त्यांना सांगतो की, ‘कॅसानोव्हा फ्लाय’ हे नाव त्याचे आहे.