गाडगेबाबा कीर्तनात काय विचारत

(दृश्य : गावातलं देऊळ, समोर झाडलेलं पटांगण)

दिवसा खराट्याने गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभं राहायचं, हा गाडगेबाबांचा शिरस्ता. समोर बसलेली माणसं देवभोळी. नवस बोलणारी, जत्रेत बोकड कापणारी, त्यापायी कर्जात बुडणारी. त्यांची पोरंबाळंही तिथेच बसलेली.

बाबा आधी ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’चा गजर करत. सगळे रंगले की विचारत, देव किती? लोक म्हणत, एक. तुमच्या गावात खंडोबा आहे का? आहे. भैरोबा? आहे. मरीआई? तीही आहे. मग किती झाले? उत्तर लोकांनीच द्यायचं, तेही मोठ्याने. मघाशी आपण काय म्हणालो आणि आता काय म्हणतोय, हे ज्याचं त्यालाच उमगे. बाबांना वेगळं सांगावं लागत नसे.

देवाधर्माच्या घरात वाढलेलं मूल स्वतःच्या डोक्याने विचार करत नाही, असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. बाबा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, अशाच वातावरणात वाढले. जन्म १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, घर परिटाचं. वडील दारूपायी गेले. तरी बारशाला दारू-मटण हवंच, अशी रीत होती. मुलीच्या बारशाला डेबूजींनी गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंदांचा रोष पत्करला, पण भजन सोडलं नाही.

मुलाचं डोकं बंद होतं ते ‘देवाबद्दल असं विचारू नये’ या एका वाक्याने. सत्यनारायणाची पोथी चालू असते. प्रसाद टाळला म्हणून नाव बुडाली, प्रसाद घेतल्यावर वर आली, हे ऐकून सात-आठ वर्षांची पोर विचारते, कशी वर आली? आणि आपण तिला डोळे वटारून गप्प बसवतो. बाबांनी हीच कथा कीर्तनात घेतली होती. मग लढाईत समुद्रात बुडालेल्या बोटी वर काढायला सत्यनारायण का घालत नाहीत, असं ते भरल्या सभेत विचारत. त्या पोरीचा आणि बाबांचा प्रश्न एकच आहे.

(ध्वनी : कीर्तनाचं मूळ ध्वनिमुद्रण)

हा आवाज त्यांचाच. ८ नोव्हेंबर १९५६, मुंबईतलं वांद्रे. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबरला, बाबा गेले. ध्वनिमुद्रण ऐकताना त्यांच्याइतकंच लोकांकडेही लक्ष द्या. प्रत्येक प्रश्नाला ते कसे उत्तर देतात ते ऐका.