पाचवं बोट

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्यावर गाडीखाली मेलेलं एक कांडेचोर दिसलं. काही जण त्याला उदमांजर म्हणतात. कडेला बसून मी वहीत त्याचा पुढचा पंजा काढायला घेतला. चार बोटं काढून झाली आणि हात थांबला. समोर पाच होती. मांजराच्या ठशात चारच बोटं उमटतात, याच्या पाच. शिवाय तळवा बिनकेसांचा. लहानपणापासून हा प्राणी बघत आलो, पण त्याची बोटं मोजली ती पेन्सिल हातात आल्यावर.

तेव्हा जोनाथन किंग्डन आठवले. जन्म १९३५चा, आजच्या टांझानियातला. शिक्षण चित्रकलेचं, आणि युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठात शिकवायचेही चित्रकलाच. ते करता करता पूर्व आफ्रिकेतल्या सस्तन प्राण्यांवर त्यांनी १९७१ ते १९८२ या काळात सात ग्रंथ काढले. मजकूर त्यांचा, चित्रंही त्यांचीच. मेलेल्या प्राण्याची कातडी उलगडून आतल्या स्नायूंचं चित्र काढायचं, कवटीचं काढायचं, आणि जिवंत प्राण्याची एकाच पानावर दहा ठिकाणी दहा हालचालींत रेखाटनं करायची. ही चित्रं मजकुराच्या सोबतीला नाहीत. चेहऱ्याचा एखादा स्नायू कशासाठी आहे, हा प्रश्न तो काढतानाच पडतो आणि मग त्यावर लिहिलं जातं. २०१३ साली आफ्रिकेच्या सस्तन प्राण्यांवरचा सहा खंडांचा मोठा ग्रंथ आला, त्याच्या संपादकांतही ते होते.

आपल्याकडे दहावी झाली की पोराला विचारतात, ‘चित्रकला की सायन्स?’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. बेळगाव-खानापुरात चांगला हात असलेली कितीतरी मुलं आहेत, आणि काढण्यासारखं तर दाराशीच आहे: गवा, शेकरू, साळिंदर, खवल्या मांजर.

आणि एक वटवाघूळ. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतलं. १९१३ साली लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि राउटन या वनाधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. पुढे कित्येक वर्षं जगात ते फक्त याच गुहांतून माहीत होतं. मेघालय आणि कंबोडियातल्या नोंदी फार उशिरा आल्या. कान भलेमोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले. अंग गडद तपकिरी, मानेभोवती फिकट पट्टा. शेपटीचं टोक मागच्या पायांमधल्या कातडीच्या पडद्याबाहेर मोकळं. हा भाग आता भीमगड अभयारण्यात येतो.

हे सगळं मी वाचून सांगतोय, काढलेलं नाही. गुहेत शिरून, उजेड पाडून त्यांना उठवायचं नाही, हे पक्कं ठरवलंय. वहीत कांडेचोराच्या पंजानंतरचं पान या वटवाघळासाठी कोरं ठेवलंय. एखाद्या संग्रहालयात जतन केलेला नमुना बघायला मिळाला, तर सुरुवात कानांपासून करीन.

नमस्कार.